इंजिनची थरथर

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला निशिकांत सबनीसने बायकोसाठी जुनी मोटरबोट घेतली, आणि घेतल्या क्षणापासून त्याला एकच घोर लागला: ही आता घरी न्यायची कशी?

बोट उभी होती मलेशियासमोरच्या किनाऱ्यावर, पुंगोलच्या धक्क्याला, आणि तिची जागा ठरली होती पासिर रिसच्या बाजूला, त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून दिसणाऱ्या बोटक्लबात. मधे जेमतेम पाऊण तासाचं पाणी. पण निशिकांत सोलापूरचा. त्याच्या लहानपणी पाणी तीन दिवसांतून एकदा दिसायचं, तेही नळाला. सुनेत्रा रेवदंड्याची, खाडीच्या मांडीवर वाढलेली. लग्न ठरल्यावर तिने त्याला होडीतून खाडीपलीकडे नेलं होतं. "भीती वाटते का हो?" असं तिने विचारलं, तेव्हा हा गडी दोन्ही हातांनी कठडा धरून म्हणाला होता, "पाण्याची? छे. मला तर पाणी फार आवडतं."

ते एक वाक्य त्याने पंचवीस वर्षं कोरडं ठेवलं होतं. आज ते भिजलं, तर आयुष्यभराची अब्रू भिजणार होती.

लायसन्स त्याच्याकडे होतं. तीन आठवडे सुनेत्राने पुस्तक हातात धरून त्याची उजळणी घेतली होती. उत्तरं तोंडपाठ होती. पण समुद्र तोंडी परीक्षा घेत नाही.

"चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं," निघताना सुनेत्रा म्हणाली.

"बोटीला चाक कुठलं?"

"मग असंच ठेवते. नव्या गाडीला लिंबू हवंच." तिने लिंबू त्याच्या पायांपाशी ठेवलं. शेजारी पूजेची पिशवी, तिच्यात नारळ. तो मध्यावर पाण्याला द्यायचा होता.

बोट विकणारे अंकल कोह धक्क्यावरून हात हलवत होते. "फोर ओ'क्लॉकच्या आधी पोहोच हां. नंतर पाणी उतरतं, तुझ्या जागेवर फक्त चिखल. इझी लाह!"

इझी म्हणे. निशिकांतने किल्ली फिरवली. किल्लीच्या बाजूला एक लाल, वेटोळ्यांची दोरी असते. तिचं मोकळं टोक चालकाने मनगटाला बांधायचं. म्हणजे चालक पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन जागच्या जागी बंद. 'चालक पाण्यात पडला की' एवढंच आठवून निशिकांतला घाम फुटला, म्हणून त्याने ती बांधलीच नाही. ती नुसती लोंबत राहिली.

धक्का मागे गेला. उजवीकडे झाडं, डावीकडे उबिन बेट, मधे हिरवं, जाड, हलतं पाणी. सुनेत्राने चेहऱ्यावर वारा घेतला आणि आईची जात्यावरची ओवी गुणगुणली:

"पाण्याच्या वाटेवर, उमटेना गं पाऊल..."

"पुढे काय?" निशिकांतने विचारलं. कुणी बोलत राहिलं की खोली जरा कमी वाटत होती.

"विसरले बाई. अहो, हात का कापतायत तुमचे?"

"इंजिनची थरथर आहे."

"आणि दातांची?"

"तीही इंजिनचीच."

मध्यावर तिने उभं राहून नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. तेवढ्यात एका टगबोटीची लाट आली. बोट कलली आणि लिंबू घरंगळत थेट निशिकांतच्या टाचेखाली आलं. तो सटकला. पडताना माणूस हाताला लागेल ते धरतो. त्याच्या हाताला वेगाचा दांडा लागला. बोट शेपटी पिरगाळलेल्या खोंडासारखी उधळली आणि समोर वाळूने भरलेल्या मालवाहू बार्जच्या, दोन मजली लोखंडी भिंतीच्या दिशेने सुटली.

निशिकांतने डोळे मिटले. त्याला सोलापूरचा कोरडा नळ आठवला, आणि तो किती गुणी होता हे आज प्रथमच कळलं.

मग एकाएकी आवाज थांबला. बोट फुसफुसत मंदावली आणि बार्ज सावकाश समोरून निघून गेली.

"बंद पडलं वाटतं," सुनेत्रा शांतपणे म्हणाली.

त्याने किल्ली फिरवली. काहीच नाही. "दोरी कुठाय? इथे लाल दोरी होती."

"नारळाबरोबर गेली असेल पाण्यात."

"सुनेत्रा, त्या दोरीशिवाय हे सुरू होत नाही. पलीकडे मलेशिया आहे. आपण वाहत तिकडे गेलो तर? माझा पासपोर्ट घरी आहे."

"मी आणलाय. दोघांचे."

"का?"

"असावेत म्हणून. ते बघा, मागून कोण येतंय."

मागून अंकल कोह येत होते, दुसऱ्या बोटीतून. "फिशिंगला निघालो होतो, तुम्ही दिसलात," म्हणत त्यांनी दोर फेकला. निशिकांतला इतकं हायसं वाटलं, की अंकलच्या बोटीत गळ नव्हता, जाळं नव्हतं, साधी बादलीही नव्हती, हे त्याला दिसूनही दिसलं नाही.

चारला दहा कमी असताना, सासरी ओढत आणलेल्या नवरीसारखी बोट आपल्या जागी लागली. निशिकांत धक्क्यावर उतरला आणि त्याने पायाखालचं सिमेंट हलत नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली.

"बोटीला कुंकू लावा," बोटीतून सुनेत्रा म्हणाली. "करंडा पिशवीत आहे."

त्याने पिशवीत हात घातला. करंड्याखाली काहीतरी गुंडाळलेलं लागलं. लाल. वेटोळ्यांचं. कोरडं ठणठणीत.

त्याने दोरीकडे पाहिलं. मग अंकल कोहकडे पाहिलं. ते अंगठा वर करून सुनेत्राकडे बघत हसत होते. अंकलची रिकामी बोट, दोन पासपोर्ट, तीन आठवड्यांची उजळणी: 'लाल दोरी ओढली तर काय होतं, सांगा.' सगळं एकेक करून त्याच्या ध्यानात आलं. आणि सगळ्यात शेवटी पंचवीस वर्षांपूर्वीची ती होडी, आणि कठड्यावर पांढरी पडलेली आपली बोटं, जी तेव्हाही कुणाला तरी दिसलीच असणार.

त्याने दोरी होती तशी खाली ठेवली, करंडा तेवढा उचलला.

"ओवी आठवली का पुढची?" त्याने हळूच विचारलं.

सुनेत्राने पाण्याकडे बघत ओळ पुरी केली:

"कंथाच्या मनातली, मला लागते चाहूल."

निशिकांतने कुंकवात बोट बुडवलं आणि बोटीच्या नाकावर रेघ ओढली. रेघ वाकडीतिकडी आली, कारण हात अजून कापत होता. आता इंजिन बंद होतं. थरथरीचं खापर त्याने या वेळी कुणाच्याच माथी फोडलं नाही.