चढावरचा प्रमाणित ज्येष्ठ

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता नगरपालिकेच्या ज्येष्ठ हितरक्षण कक्षाने चढावरचा बाक उचलून नेला. कोणी जखमी झाले नाही. बाकावर त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. असते, तर त्यांना आदरपूर्वक उठवण्यात आले असते, असे कक्षाने कळवले आहे.

बाक चढाच्या मध्यावर, औषधांच्या दुकानासमोर होता. पायथ्याशी शिवणबाई राहतात. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात त्यांची हयात गेली. माथ्यावर पालिकेचे निगा केंद्र आहे आणि तिथे त्यांचे यजमान असतात. त्यांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणतात. आता घड्याळवाल्यांना वेळ कळत नाही. माणसेही एकेक करून पुसट होत चालली आहेत. शिवणबाई मात्र अजून ओळखू येतात, कारण रोज चार वाजता त्या समोर येऊन बसतात. डॉक्टरांनी हे औषधांसारखे लिहून दिले नव्हते, पण बजावून सांगितले होते: "भेट चुकवू नका. एकदा तुटलं की जोडणं अवघड."

चढ ज्येष्ठस्नेही व्हावा म्हणून पालिकेने तो आधीच वाहनमुक्त केला होता. त्यामुळे रिक्षा वर जात नाही. बाईंचा रस्ता असा: अर्धा चढ, बाक, दम, उरलेला चढ.

त्या दिवशी त्या मध्यावर पोहोचल्या तेव्हा बाकाच्या जागेभोवती साखळी होती आणि आत नवा फलक होता, 'ज्येष्ठस्नेही बाकासाठी राखीव जागा.'

"तुमच्या सोयीसाठीच नेलाय म्हणे," औषधवाला आतून म्हणाला.

"माझ्या सोयीसाठी? मग मी बसू कुठे?"

"तेवढं काही बोलले नाहीत बुवा."

कारण नंतर कळले. कक्षाने शहरातील सर्व बाकांची पाहणी केली होती. ज्येष्ठस्नेही बाकाला दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे लागतात. या बाकाला ते नव्हते. जी वस्तू ज्येष्ठस्नेही नाही ती ज्येष्ठांच्या वापरात असणे धोक्याचे, म्हणून ती हलवणे भाग होते. वीस वर्षे बाकावर बसून कोणी पडले नव्हते, ही बाब योगायोग मानण्यात आली.

औषधवाल्याचे दुकान इतके अरुंद की तो स्वतः आडवा होऊन आत शिरतो. त्याने बाईंसाठी एक स्टूल बाहेर मांडले. गुरुवारी कक्षाची गाडी आली. स्टुलाला दांडे तर नव्हतेच, पाठही नव्हती, शिवाय ते राखीव जागेला खेटून होते. जप्तीच्या पावतीवर वर्णन होते, 'स्टूल, नग एक, ज्येष्ठांस घातक.'

शुक्रवारी शिवणबाई विजेच्या खांबाला धरून दम घेत घेत वर गेल्या. पोहोचेपर्यंत भेटीची वेळ संपली होती. शनिवारी त्या कक्षात गेल्या. कक्ष सपाटीवर आहे. आत जाताच त्यांना भिंतीशी त्यांचा बाक दिसला आणि त्या हक्काने बसल्या.

"आजी, तिथे नका बसू," ज्येष्ठ हितरक्षण अधिकारी नम्रपणे म्हणाले. चाळिशीतले, इस्त्रीचा सदरा, छातीवर 'ज्येष्ठांचा आवाज' असा बिल्ला.

"का? माझाच बाक आहे हा."

"सध्या तो पुरावा आहे. उठता का जरा?"

बाई उठल्या. "आणि आजी मी माझ्या नातवाची. तुम्ही मला बाई म्हणा. बाक कधी परत लावताय?"

"बाई, आम्ही तुमचा आवाज आहोत."

"मग माझं ऐका की!"

"आवाज ऐकत नसतो, बाई. तो वर पोहोचवायचा असतो."

"आवाज पोहोचतोय, मी पोहोचत नाहीये."

अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. बाईंचे म्हणणे खरे असेल, पण ते वैयक्तिक होते. त्यांना दम लागतो म्हणून सगळ्यांना लागेल असे नाही. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची कंबर. कोणी तर उगाच बसतात. अशा बेभरवशाच्या माणसांच्या जोरावर धोरण ठरत नाही. त्यासाठी प्रमाणित ज्येष्ठ लागतो, आणि सुदैवाने तो नुकताच खोक्यातून आला होता.

हा वार्धक्यानुभव पोशाख. छातीला आणि पोटऱ्यांना शिशाच्या पट्ट्या, डोळ्यांवर धुरकट चष्मा, कानांवर जाड गाद्या आणि गुडघ्यांना पोलादी आवरणे. कंपनीने हमी दिल्याप्रमाणे तो घातलेला कोणीही पंच्याहत्तर वर्षांचा होतो.

"म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी लहानच," बाई म्हणाल्या.

"पण प्रमाणित," अधिकारी म्हणाले.

सोमवारी चाचणी झाली. पोशाख पालिकेच्या अभियंत्याने घातला. हा तरुण व्यायामशाळेत जाणारा होता. दहा पावलांत तो घामाघूम झाला, विसाव्या पावलाला "आई गं" म्हणाला. कक्षाने तत्काळ दोन मदतनीस दिले आणि दोघांनी त्याला दोन्ही काखांत धरून वर न्यायला सुरुवात केली. मध्यावर कक्षाने मुद्दाम बाक आणून ठेवला होता.

"बसा साहेब," मदतनीस म्हणाला.

अभियंत्याने प्रयत्न केला. गुडघ्यांची आवरणे वाकेनात. त्याला मागून खाली दाबण्यात आले, तसा तो फळीसारखा आडवा झाला आणि पुन्हा उभा करण्यात आला.

"अहो, त्याचे गुडघेच वाकत नाहीत," बाजूला उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

"तेच तर लिहितोय मी," अधिकारी म्हणाले.

निष्कर्ष दुसऱ्या दिवशी जाहीर झाले. एक, पंच्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीला बसता येत नाही. दोन, म्हणून बाक ही ज्येष्ठांची गरज नसून समाजाचा गैरसमज आहे. तीन, चढ दोन मदतनिसांच्या साह्याने सहज पार होतो.

शिवणबाई पुन्हा कक्षात गेल्या. बाक पुन्हा भिंतीशी आला होता आणि त्यावर आता पोशाख बसवलेला होता. गुडघे वाकत नसल्याने बसवलेला म्हणजे तिरका टेकवलेला.

"बाक नको तर नको. ते दोन मदतनीस तरी द्या मला. रोज अर्धा तास."

"ते पोशाखाच्या आस्थापनेवर आहेत, बाई. त्यांची नेमणूकच त्यासाठी झाली आहे."

"त्याला कुठे जायचंय?"

"तो प्रश्न नाही. त्याला आधार लागतो हे सिद्ध झालंय. तुम्हाला लागतो हे अजून व्हायचंय."

"मग मी घालते तो पोशाख. मला न्या वर."

अधिकाऱ्यांना पहिल्यांदाच काळजी वाटलेली दिसली. "भलतंच काय! तुमच्या वयाला झेपायचं नाही ते. साठीच्या पुढच्यांना सक्त मनाई आहे."

त्याच संध्याकाळी निगा केंद्रातल्या परिचारिकेचा फोन आला. "बाई, येताय ना? आज विचारत होते, रोज एक बाई यायच्या त्या कोण म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, तुमच्या मिसेस. तर म्हणाले, असं होय."

शिवणबाईंनी फोन ठेवला आणि मुलाला लावला. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो आणि आईविषयी हळवा आहे. तो म्हणाला, शनिवारी त्या बाजूला येतोच आहे. कक्षाने 'एक तास ज्येष्ठ व्हा' हा उपक्रम सुरू केला होता आणि त्याने पहिल्याच दिवशी नाव दिले होते.

शनिवारी त्याने पोशाख घातला, दोन मदतनिसांनी त्याला चढवले, माथ्यावर त्याला रडू कोसळले आणि त्याचा फोटो काढण्यात आला. खाली आल्यावर त्याने रस्त्यातूनच आईला फोन केला.

"आई, आज तू मला खऱ्या अर्थाने कळलीस गं."

"बरं झालं बाबा. घरी ये, मला वर घेऊन चल. चारच्या आत पोहोचू."

"आत्ता? अगं, पाय उचलत नाहीयेत माझे. काय वजन असतं त्याचं! तुला कल्पना नाही येणार."

त्याच्या फोटोखाली शेकडो लोकांनी डोळे पाणावल्याचे कळवले. एकाने विचारले, "आई कशा आहेत?" त्याला उत्तर आलेले नाही. उपक्रमाला मात्र तुफान प्रतिसाद मिळाला. येणाऱ्यांना 'मी समजून घेतले' असा बिल्ला मिळतो. गर्दीमुळे पोशाख आता रोज चालवला जातो, आणि शेवटची फेरी चारच्या सुमारास निगा केंद्रासमोर पोहोचते.

केंद्रातून मिळालेली ताजी माहिती अशी. काल चार वाजता घड्याळवाले खिडकीत बसले होते. चढावरून कोणीतरी अडखळत, थांबत, दोघांच्या आधाराने वर येताना त्यांना दिसले. ते खुर्चीवरून अर्धे उठले. "आली बघ," ते परिचारिकेला म्हणाले आणि त्यांनी हात हलवला. पोशाखानेही हलवला. आत त्या वेळी कोण नागरिक होता हे कक्ष सांगत नाही. मात्र त्याने अभिप्रायात लिहिले आहे, 'वर खिडकीत एक आजोबा फार प्रेमाने बघत होते. कधी विसरणार नाही.'

शिवणबाई त्याच वेळी चढाच्या मध्यावर, साखळीला धरून उभ्या होत्या. हे वृत्त लिहीपर्यंत त्या तिथून वर किंवा खाली गेल्याचे कळलेले नाही.

पुढच्या महिन्याच्या बहुतेक जागा भरल्या आहेत. आपण नाव नोंदवलेच असेल. येताना पाण्याची बाटली आणावी. चढावर बसायची सोय नाही.