हंसांमागची भिंत

घरांच्या जाहिरातीतल्या एकाही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी एका सकाळी दाढी करताना ठरवलं. तेवढं ठरवलं नसतं, तर आज आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना हॉलमध्ये कमरेत वाकावं लागलं नसतं. पण ते शेवटी सांगतो.

झालं असं, की आमच्या घरमालकांची मुलगी परगावाहून कायमची परत येणार होती आणि तिला आम्ही राहतो तीच जागा हवी होती. (मला आधी हेही खरं वाटलं नाही. मुलगी खरोखर आहे का, याची मी शेजारी चौकशी केली. आहे.) महिन्याभरात घर सोडायचं होतं. बायकोने फोनवर तासाभरात भाड्याची नऊ घरं शोधून काढली. मी म्हणालो, "ते तू माझ्यावर सोड." ती शाळेत शिकवते. पोरगं चूक करायला निघालं की त्याच्याकडे नुसतं बघत राहायची तिला सवय आहे. तशीच ती माझ्याकडे बघत राहिली.

आता माझ्याबद्दल थोडं. मी विमा कंपनीत आहे. लोकांनी पाठवलेले दावे आणि फोटो तपासणं हे माझं काम. एकच चेपलेला दरवाजा तीन वेगवेगळ्या अपघातांसाठी वापरणाऱ्या एका गृहस्थांना मीच पकडलं होतं. (दरवाजावर बसलेली माशीसुद्धा तिन्ही फोटोंत तीच होती.) तेव्हापासून ऑफिसात माझ्या नजरेला मान आहे. घरी अजून तशी वेळ आलेली नाही.

तर मी एक छोटी वही केली. दर पानावर एक घर, आणि पानाचे दोन भाग: 'काय दाखवतात' आणि 'काय लपवतात'. जाहिरातींनीच पहिली पानं भरली. 'भरपूर उजेड' असं लिहिलेल्या घराच्या प्रत्येक फोटोत भर दुपारी ट्यूबलाइट चालू होती. 'प्रशस्त हॉल'चे चार फोटो होते आणि चारही एकाच कोपऱ्याचे, कारण फोटो काढणाऱ्याला मागे सरकायला जागाच नव्हती. एका घराच्या सहा फोटोंपैकी पाच बेसिनचे होते, आणि सहाव्यात पलंगावर एक वयस्कर गृहस्थ पाठ करून झोपले होते. ते घरासोबत असणार का, असं मी एजंटला विचारलं. तो म्हणाला, "विचारून सांगतो."

या एजंटचं नाव आम्ही 'एकदम' ठेवलं होतं. एकदम हवेशीर, एकदम शांत, एकदम फॅमिलीवाली वस्ती. त्याच्या मोटरसायकलच्या मागे मागे आम्ही रिक्षाने तीन आठवडे फिरलो आणि चौदा घरं पाहिली. एका हॉलच्या छतावर आकाश रंगवलेलं होतं, त्यात ढग, ढगांत विमान आणि विमानाला जांभळे दिवे. एका घरात प्रत्येक भिंतीला वेगळा रंग होता आणि मोरीतल्या पाइपवर प्लास्टिकचा वेल चढवलेला होता. तिसऱ्या घरात सोफा एवढा मोठा होता, की तो आधी ठेवून मग भिंती बांधल्या असाव्यात.

माझा नियम सोपा होता. भिंतीवर जे टांगलेलं असतं, ते काहीतरी झाकण्यासाठीच असतं. म्हणून प्रत्येक घरात मालकाची पाठ वळली, की मी हळूच उचलून बघायचो. घड्याळामागे भोक निघालं. कॅलेंडरामागे ओल निघाली. एका बेडरूममध्ये छान फुलाफुलांचा पडदा होता, तो मी बाजूला केला तर मागे खिडकीच नव्हती. माझी छाती फुगली.

"चौदा घरांची लबाडी पकडली," मी रिक्षात म्हणालो.

"हो," बायको म्हणाली. "आणि राहायला एकही मिळालं नाही. आठ दिवस उरलेत."

पंधरावं घर मेट्रनबाईंचं होतं. बाई एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं मेट्रन होत्या. आता वरच्या मजल्यावर एकट्या राहत होत्या आणि खालचा मजला भाड्याने द्यायचा होता. जाहिरातीत एकच ओळ होती: 'दोन खोल्या, स्वयंपाकघर. स्वच्छ.' फोटो नव्हता. एवढ्यावरूनच मला शंका आली.

आत गेलो आणि शंका वाढली. भिंती पांढऱ्या आणि कोऱ्या, रंगीत दिवे नाहीत, वेल नाही. खिडक्या जिथे दिसत होत्या तिथे खरोखरच होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोच्या शाळेचं फाटक दिसत होतं. तेव्हाच्या घरून तिला दोन बस बदलून जावं लागायचं आणि त्यासाठी पहाटे साडेपाचला उठावं लागायचं. ती त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिला काही इतकं हवंसं वाटताना मी फारसं पाहिलं नव्हतं. मलाही ते घर तिच्यासाठी मनापासून हवं होतं. म्हणूनच ते नीट तपासणं माझं कर्तव्य होतं, नाही का?

चहा झाल्यावर बाई तिला नळ दाखवू लागल्या, तेवढ्यात मी वहीत पंधरावं पान भरलं. मग बेडरूममध्ये शिरलो. संपूर्ण घरात टांगलेली एकच वस्तू तिथे होती: काचेच्या फ्रेममध्ये भरतकाम केलेले दोन हंस. एकुलती एक वस्तू! कुठेतरी पाणी मुरत असणार, आणि मुरत असेल तर इथेच. मी फ्रेम दोन्ही हातांनी धरली आणि उचलली.

खिळा बाहेर आला. त्याच्याबरोबर वाटीएवढं प्लास्टरही आलं आणि सगळं माझ्या डोक्यावर पडलं. हंसांमागची भिंत कोरडी, पांढरी आणि निर्दोष होती. म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत होती.

बाहेरून बाईंचा आवाज आला, "बेडरूम बघितली का?"

"बघतोय," मी म्हणालो. हाताला पहिलं आलं ते वहीचं पान मी फाडलं, घडी घालून भोकात कोंबलं, त्यात खिळा दाबला आणि हंस पुन्हा टांगले. पडलेलं प्लास्टर खिशात भरलं. (खिसा सदऱ्याचा होता आणि सदरा काळा होता.)

निघताना बाई म्हणाल्या, "मला तुम्ही बरे वाटता. पण माणसं राहतात कशी, ते बघितल्याशिवाय मी जागा देत नाही. रविवारी अकराला तुमच्या घरी येईन."

परतताना बायकोने माझ्या केसांतून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी भुकटी बघितली आणि रिक्षाबाहेर बघू लागली. ती काही विचारत नाही याचा मला संशय यायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष मेट्रनबाईंच्या येण्यामागे काय डाव असावा, याकडे होतं.

घरी येऊन मी निकाल लिहायला वही उघडली. चौदा पानं होती. पंधरावं नव्हतं.

त्या पानावर मी काय लिहिलं होतं ते मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मी स्वतःला समजावलं, की इतक्या वर्षांची फ्रेम कोण कशाला उतरवतंय. बायको तेव्हा आत कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. बहुतेक तिची आई असावी.

शनिवारी ती शाळेत जाताना बजावून गेली, "घर आहे तसं राहू द्या. उगाच काही करायला जाऊ नका."

आहे तसं कसं राहू द्यायचं? आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल होती, फ्लशची टाकी दिवसभर ठिबकत होती आणि हॉल अंधारा होता. आठवड्यात या घराबाहेर पडायचं होतं आणि सगळं त्या रविवारवर अवलंबून होतं. मी लोखंडी कपाट एकट्याने ढकलत ओलीपुढे न्यायला सुरुवात केली. वाटेत हॉलमध्ये ते अडकलं, मी जोर लावला आणि त्याचा कोपरा भिंतीत घुसला. गुडघ्याएवढ्या उंचीवर चांगला नारळ मावेल एवढं भोक पडलं. त्यावर मी कॅलेंडर टांगलं. मग सगळ्या ट्यूबलाइटी लावून पाहिल्या, ठिबकणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठ्याने लावून पाहिला, आणि लिंबाच्या वासाचा फवारा अर्धा डबा संपवला. संध्याकाळी बायको दारात आली, तिने एकदा खोलीभर नजर फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी बरोबर अकराला मेट्रनबाई आल्या. आत पाऊल टाकताच त्या शिंकल्या.

"बाहेर ऊन आहे ना?" त्यांनी विचारलं आणि एकेक ट्यूबलाइट बंद केली. मग रेडिओ बंद केला. शांतता झाली. मग टप. मग पुन्हा टप.

"टाकी," बाई म्हणाल्या.

"कालपासूनच," मी म्हणालो.

"तीन वर्षं झाली," बायको म्हणाली.

कपाटाने बेडरूमचं अर्धं दार अडवलं होतं. बाई अंग चोरून आत गेल्या, कपाटामागे डोकावल्या आणि तशाच अंग चोरून बाहेर आल्या. मग त्यांची नजर कॅलेंडरवर पडली. त्या जवळ गेल्या, वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हे तुमच्याकडे कोण वाचतं?" त्यांनी विचारलं.

"जमिनीवर बसलं की दिसावं म्हणून," मी म्हणालो. माझं उत्तर मलाच पटलं नाही, आणि माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी तो परत पाठवला असता.

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी चष्मा लावला, पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून गुडघ्यावर सपाट केला आणि वॉर्डात रुग्णाचा तक्ता वाचावा तसा वाचायला लागल्या.

"'घर पंधरावं. भिंती कोऱ्या: संशयास्पद. नळाला पाणी आहे: नेमकं आजच कसं? वास अजिबात येत नाही, म्हणजे नुकताच घालवलेला असणार. बाई गोड बोलत नाहीत: अनुभवी दिसतात. चहा उत्तम केला: कशासाठी?'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आलेल्या माणसाला चहा द्यावा म्हणून."

मी जमिनीकडे बघितलं. तिथून कॅलेंडर अगदी स्पष्ट दिसत होतं.

"तुम्हाला... हे सापडलं कसं?"

"हंस मी दर शनिवारी उतरवून पुसते. पण शनिवारची वाट बघावी लागली नाही. त्याच संध्याकाळी यांचा फोन आला," बाईंनी बायकोकडे मान वळवली. "म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या डोक्यात प्लास्टर आहे, तुमच्या भिंतीला कुठे भोक पडलंय का बघा, आम्ही भरून देऊ. मी हंस उतरवले. भोकही सापडलं आणि हा रिपोर्टही."

म्हणजे त्या दिवशी फोनवर तिची आई नव्हती. अकरा वर्षांत आईशी हळू आवाजात बोलणं तिला कधी जमलेलं नाही, हे माझ्यासारख्या तपासनीसाच्या लक्षात यायला हवं होतं.

मला खरंच वाईट वाटलं. घराचं नाही, खिडकीशी उभी राहिलेली बायको आठवून. मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. हिचा काही संबंध नाही. शाळा समोर आहे, तिला घर द्या. हवं तर मी वेगळं बघतो."

"एवढंही नको," बायको म्हणाली. पण तिने थोडा विचार करून म्हटलं, असं मला वाटलं.

बाई उठल्या. "अहो, लपवतात सगळेच. तीस वर्षं मी तेच बघितलं. गादीखाली गोळ्या लपवणारे, उशीखाली विड्या लपवणारे. पण तुमच्याइतकं वाईट लपवणारा माणूस माझ्या बघण्यात नाही. असा भाडेकरू बरा. काय मोडलंय ते दारातूनच कळतं." त्यांनी तो कागद बायकोच्या हातात दिला. "करार यांच्या नावाने करू."

त्या करारात एक कलम माझ्यासाठी आहे. भिंतीवर टांगलेली कुठलीही वस्तू मी उचलायची नाही. एजंट म्हणाला, एकदम कडक कलम आहे.

आता त्या घरात आम्हाला चार महिने झाले. बायको सकाळी साडेसहाला उठते आणि खिडकीतून घंटा ऐकून निघते. हंस बाईंनी वर नेले. आमच्या भिंती कोऱ्याच आहेत. हॉलमध्ये फक्त एक फ्रेम आहे, आणि तिच्यात 'घर पंधरावं' हे पान आहे. ती बायकोने सामान आलं त्याच दिवशी लावली. पाहुणे ती बघायला वाकतात, वाचतात आणि मग इतकी खाली का, असं विचारतात. मी विषय बदलतो.

पहिल्याच महिन्यात मेट्रनबाई खाली आल्या होत्या. त्यांनी फ्रेम बघितली. तिची उंची बघितली. मग तिथून तीन पावलांवर ठेवलेलं लोखंडी कपाट आणि त्याचा कोपरा बघितला. मी ते या वेळीही एकट्यानेच ढकललं होतं.

"हे तुमच्याकडे कोण वाचतं?" त्यांनी विचारलं.

"हे वाचतात," बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "रोज. गुडघे टेकून."