तिसरी हाक

वनउद्यानाच्या फाटकातच आशाबाईंनी सगळ्यांना थांबवलं आणि नियम सांगितला. "रानात कोनी हाक मारली तं लगेच ओ द्याची नाही. भूत दोनदाच बोलावते. तिसरी हाक मानसाचीच असते."

"माय, तिकीट काढून जाऊन राहिलो आपन," शिवम म्हणाला. "अंदर भूत कायचं?"

"भुताले तिकीट लागत नाही," पुंजाराम म्हणाले आणि लेकाला घेऊन पुढे निघाले. बायकोच्या नियमाशी वाद घालण्यापेक्षा तो पाळणं सोपं, हे पस्तीस वर्षांत त्यांना कळलं होतं.

कार्तिकातला रविवार. आवळीखाली जेवायची रीत म्हणून राजापेठेतल्या घरून पुऱ्या, वांग्याची भाजी आणि शिरा बांधून चौघं आले होते. आवळी आत, दीड किलोमीटरवर. येण्यामागचं खरं कारण मात्र आशाबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. रागिणी अकोल्याहून सून होऊन आली त्याला आठ महिने झाले. पोरगी गुणाची, पण सासूला ती काहीच म्हणत नसे. "ऐका ना", "जेवता का", नाही तर नुसतं समोर येऊन उभं राहणं. एकदा तरी तिनं आई म्हणावं, एवढंच आशाबाईंना हवं होतं. ही काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे. रानात चार पावलं सोबत चालली तर निघेल तोंडातून, असं त्यांना वाटलं होतं.

झालं उलटंच. रागिणी फुलपाखराचा फोटो काढत मागे राहिली, बापलेक पुढे गेले, आणि आशाबाई गुडघे चोळायला एका दगडावर टेकल्या. उठल्या तेव्हा मागेपुढे कुणी नव्हतं. त्या चालत राहिल्या. थोड्या वेळानं एक दगड आला. तोच. पुन्हा चालल्या, तर पुन्हा तोच दगड, आणि त्यावर विसरलेला त्यांचाच रुमाल.

माणसाला रानात गोल गोल फिरवतो तो चकवा, दुसरं काय. आशाबाईंनी उजवी चप्पल डाव्या पायात घातली, डावी उजव्यात. त्यावर हाच उतारा. मग ओरडल्या, "अवो, ऐकता का?" पुन्हा एकदा ओरडल्या. कुठूनतरी पुंजारामांचं खाकरणं ऐकू आलं, बाजू कळेना. ओ काही आली नाही. नवरा नियम पाळत होता. तिसऱ्यांदा ओरडायला घसाच चालेना.

वारा पडला. एखादं सागाचं पान गळालं तरी पापड मोडल्यासारखा आवाज होई. भर दुपार होती, पण झाडांखाली ऊन पोचत नव्हतं.

"आई."

आवाज रागिणीचा. आशाबाईंच्या अंगावर काटा आला. आठ महिने जे निघालं नाही, ते आज, इथं? ही गोष्ट त्या एकट्या तुळशीपाशी बोलल्या होत्या. माणसाला ती कळणारच नव्हती.

"आई."

दोन झाल्या. तोंडावर पदर धरून त्या तिसरीची वाट बघत बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. झुडपात कुणीतरी श्वास ओढला आणि थांबवला. म्हणजे भूतच. पण भूत झालं म्हणून काय, आई म्हणालं होतं ते. आई म्हणणाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं?

"ओ, बाई," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "हाय मी इथंच."

दहा हातांवरच्या घाणेरीमागून रागिणी उठली. डोळे लाल. "मंग मघाशी काहून नाही दिली ओ?"

"तिसरी हाक कुठी आली वं?"

"वाट चुकली, घाबरली, म्हनून निघालं तोंडातून. दोनदा म्हटलं तं तुमी गप्प. मले वाटलं, आई म्हटलेलं तुमाले आवडलं नाही. मंग तिसऱ्यांदा कोन्या तोंडानं म्हनू?"

आशाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. झाडांवरच्या चुन्याच्या खुणा बघत दोघी आवळीकडे निघाल्या.

वळणावर मागून हाक आली.

"आई."

आवाज रागिणीचाच. आशाबाईंनी शेजारी पाहिलं. रागिणीचे ओठ मिटलेले होते, आणि हातातला हात थंड पडला होता. ही तिसरी. नियमाप्रमाणे आता ओ द्यायला हवी होती.

आशाबाई वळल्या नाहीत. पळाल्याही नाहीत, गुडघे तसे नव्हतेच. मान सरळ ठेवून त्या म्हणाल्या,

"सापडली मले माही. दोन सुना सांभाळाचं वय नाही राहिलं आता."