किसनमामांचा भाकरीचा वर्ग

आमच्या गावात किसनमामा समोरून आले की लग्न झालेले गडी गल्ली बदलतात. मामा रामराम घालत नाहीत, सरळ हात धरतात. नखं निरखतात आणि भर चौकात विचारतात, "पीठ कुठं हाये?" नखात ज्वारीचं पीठ दिसलं नाही की त्या गड्याची खैर नाही. एकदा सरपंचांना हात पाठीमागे लपवताना मी या डोळ्यांनी पाहिलंय!

मामा उटनूरला एका हॉस्टेलात आचारी होते. नोकरी संपली, मामी वारल्या, लेक लग्न होऊन मुधोळला गेली, आणि मामा गावी परतले. मी समाजमंदिरात एका संस्थेचा, बायांना लिहा-वाचायला शिकवायचा संध्याकाळचा वर्ग चालवते. फी नाही, पाटी-पुस्तकं फुकट, बायांनी फक्त यायचं. पण कापूस वेचणी सुरू झाली आणि वर्ग ओस पडला. दिवे लागताना बाया रानातून येणार, मग त्यांच्या घरी भाकरी कोण टाकणार? संस्थेनं बजावलं, बाया येत नसतील तर वर्ग बंद करू. मी ओट्यावर बसले होते, तिथं मामा आले.

"बाई, काऊन तोंड पाडून बसल्या? बाया शिकाले तयार हायेत. अडलं कुठं? तव्यापाशी. मंग तवा मी पाह्यतो!"

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली. आत बायका, बाहेर त्यांचे नवरे. चहाच्या टपरीवरून मामांनी त्यांना कसं उठवून आणलं हे मला विचारू नका. हॉस्टेलभर पोरं पंगतीला बसवणारा आवाज तो, त्यापुढे नवरे म्हणजे किस झाड की पत्ती!

काय एकेक भाकरी व्हायच्या, अहाहा! आमच्या कमलाबाईचा नवरा दत्ता, त्याच्या भाकरीला चार कोपरे आणि मध्ये खिडकी.

"अरे, हे भाकर हाये का नाक पुसाची दस्ती?" मामा कडाडायचे. "मळ! अजून मळ! तुही बायको तिकडं जोडाक्षरात शिरली, अन तू अजून पिठातच लोळून राह्यला?"

मामांचं एकच ब्रीद. "पयले पोट, मंग पाटी." पोटाची सोय नवऱ्यांवर टाकून त्यांनी बायकांच्या हातात पाटी दिली. बाया येऊ लागल्या, टिकल्याही.

एका संध्याकाळी कमलाबाई उभी राहिली आणि तिनं अख्खा धडा न अडखळता वाचला. बाहेरची थापथाप थांबली. खिडकीत दत्ता, कोपरापर्यंत पीठ. "माही बायको हाये ते!" तो सगळ्यांना सांगत सुटला, जसं काही गावाला ठाऊकच नव्हतं. माझा तर ऊर भरून आला. संस्थेच्या मॅडम पाहणीला आल्या तेव्हा त्यांना बसायला जागा उरली नव्हती. ठेच्यासोबत दोन भाकरी खाऊन त्या म्हणाल्या, वर्ग चालू राहील.

त्याच संध्याकाळी मामांनी चुलीवर पाणी शिंपडलं.

"झालं, बाई. आता सगळ्याईले भाकर येते. आपापल्या घरी करतीन. माहं काम सपलं."

"मग आता आराम करा की, मामा."

"घरी? एका माणसापुरतं पीठ घ्याचा अंदाजच नाही न हाताले." मामा तवा पुसत राहिले. "थापाले बसलो का घरात तेवढाच एक आवाज येते. मंग तसाच झोपतो."

मी हे फक्त कमलाबाईला सांगितलं. तिनं पुढं कोणाकोणाच्या घरी सांगितलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी सगळे नवरे अंगणात हजर, प्रत्येकाच्या काखेत पिठाचा डबा. मामा चक्रावले, पण चूल पेटवली. दत्तानं भाकरी थापली. गोल, पातळ, जशी हवी तशी. तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगली. मामा पाठमोरे होऊन लाकडं ओढत होते. दत्तानं इकडं तिकडं पाहिलं आणि बोट खुपसून ती भाकरी मधोमध फाडली.

"मामा, माही आजबी फाटली! या न जरा!"

"गाढवा, तुले या जलमात येत नाही," म्हणत मामा त्याच्याजवळ फतकल मारून बसले, आणि पहिल्यापासून शिकवायला लागले.