रेडकरकाकांचा उतरलेला आकडा

रेडकरकाकांसमोर ‘साधारण’ म्हटलेलं चालत नसे. भांडुपच्या बाजारात कोळीण “साधारण किलो भरेल” म्हणाली की ते पापलेट खाली ठेवत. “साधारण म्हणजे किती ता सांग!” ती वैतागून ओरडायची, “ओ, मासा घ्या, त्याचं लगीन नाय लावायचं!” काटा स्थिर होईपर्यंत काका हलत नसत आणि मागे मी ताटकळत उभी.

काका आमच्या समोरच्या दारात राहायचे. मुलुंडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं रक्त तपासलं. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती रिपोर्टने. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना ते “तिसऱ्या माळ्यावरचो क्रिएटिनिन” म्हणत, आणि तेही तोंडावर.

पण खरा जीव लॅक्टेटवर. जंतुसंसर्ग रक्तात भिनून सेप्सिस झाला की आयसीयूतल्या पेशंटचं लॅक्टेट पुन्हा पुन्हा मोजतात. आकडा उतरत गेला तर आशा, चढत गेला तर कठीण. ती नळी बर्फात ठेवून ताबडतोब आणावी लागते, नाहीतर आकडा उगाच फुगतो. एकदा एका बड्या डॉक्टरांनी बर्फाशिवाय पाठवलेली नळी काकांनी परत धाडली. वर फोनवर सुनावलं, “रगात काय तुमच्यासाठी थांबतला?” नोकरी कशी वाचली देव जाणे.

मग माझ्या आईलाच सेप्सिस झाला. निमित्त लघवीच्या इन्फेक्शनचं. काका दिवसातून दोनदा लॅबमधून वर यायचे आणि आयसीयूच्या दारात मला आकडा सांगायचे, दशांशासकट. मला त्या दशांशांची चीड यायची. आईचं काय ते सांगा ना! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते नुसतं म्हणाले, “आकडो उतरलो गो. आता घराक जा, जेव.”

डॉक्टरांना विचारावंसंही वाटलं नाही. रेडकर म्हणाले म्हणजे झालं. मी घरी गेले, जेवले. ताट विसळत होते तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. रिक्षा मुलुंडला पोचेपर्यंत आई गेली होती.

महिन्याभराने फाइल आवरताना त्या संध्याकाळचा रिपोर्ट सापडला. आकडा सकाळच्या दुप्पट होता, खाली सही रेडकरांची. माझं डोकंच फिरलं. आईजवळचे शेवटचे दोन तास या माणसाने माझ्याकडून काढून घेतले होते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात दिसले की मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

एका रविवारी ते स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

“मी तुका खोटा सांगितलंय.”

“माहितीये.”

“दोन दिवस तू जेवूक नव्हतंस गो. माका वाटला, सकाळपर्यंत वेळ आसा.”

मी त्यांना आत या म्हटलं नाही. दार लावून घेतलं. पुढे निवृत्त होऊन ते वेंगुर्ल्याला गेले, तेव्हाही मी बाहेर आले नाही. आज त्याची लाज वाटते. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, पण बोट पुढे जात नाही.

त्या संध्याकाळी मी दोनदा भात घेतला होता, आई वाचली या आनंदात. एवढंच त्यांना सांगायचं राहिलंय.