टिटवीच्या आवाजाचे दोन सेकंद

एका जंगलात, मुलांनो, एक लॅपटॉप आला. कसा आला ते विचारू नका. ज्यांना असले प्रश्न पडतात त्यांनी गोष्ट ऐकू नये, सरळ चौकशी समितीवर जावं.

तो लॅपटॉप साळिंदराला मिळाला. साळिंदराला गाता येत नव्हतं. वाजवताही येत नव्हतं. म्हणून तो संगीतकार झाला.

त्याची पद्धत सोपी होती. सुतारपक्ष्याची टकटक रेकॉर्ड करायची. बेडकाचं डरांव रेकॉर्ड करायचं. मग पडद्यावर त्यांचे तुकडे कापायचे आणि विटा रचाव्यात तसे ओळीत मांडायचे. टकटक सोळा वेळा, डरांव चार वेळा. पुढे काय करावं ते सुचलं नाही, की मागचंच उचलून पुन्हा चिकटवायचं. बहुतेक वेळा सुचायचं नाही.

त्याच जंगलात पाणवठ्याजवळच्या माळावर एक टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला शाळेत सांगितलं असेल. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यांतच अंडी घालते. कुणी जवळ आलं की "टिटिव्! टिटिव्!" असं ओरडते. तिच्याकडे दुसरं हत्यार नाही.

पण तेवढं पुरत होतं. त्या जंगलातले गवे म्हणजे चालते डोंगर. तरी टिटवी ओरडली की ते उचललेला पाय मागे घ्यायचे आणि वाट बदलायचे. बापजाद्यांपासूनची रीत होती.

एके दिवशी साळिंदर माळावर आला.

"टिटवीताई, काय धार आहे हो तुमच्या आवाजाला! दोन सेकंद द्याल?"

टिटवी लाजली. सगळं आयुष्य कोकिळेच्या शेजारात गेलेलं. तिच्या आवाजाला कुणी बरं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझं नाव येईल ना, भाऊ?"

"येईल म्हणजे? ठळक येईल!"

टिटवीने दोन सेकंद दिले. साळिंदराने त्या फाइलला नाव दिलं : 'पक्षी तीन, फायनल, नवीन फायनल'.

गाणं तयार झालं. त्यात टकटक वाढत जायची, डरांव वाढत जायचं आणि मग सगळं एकदम थांबायचं. शांतता. त्या शांततेत टिटवीचं "टिटिव्! टिटिव्!" यायचं आणि लगेच धडाधड ठोके. त्या क्षणी सगळ्यांनी उड्या मारायच्या, अशी पद्धत पडली. ती कुणी पाडली हे कुणालाच माहीत नव्हतं.

गव्यांना तर वेडच लागलं. त्यांची वासरंसुद्धा "टिटिव्" ऐकलं की चारही पाय आपटायची. टिटवी कौतुकाने बघायची. शेजारच्या बगळीला सांगायची, "तो मधला आवाज माझा बरं का."

मग उन्हाळा आला. टिटवीने चार अंडी घातली आणि पाचव्या दिवशी जंगलाची जत्रा भरली. जागा तीच, पाणवठ्याजवळचा माळ. साळिंदराने भोंगे लावले. गवे आले, नाचू लागले, आणि नाचता नाचता अंड्यांच्या दिशेने सरकू लागले.

टिटवी उडत साळिंदराकडे गेली.

"भाऊ, तेवढा माझा आवाज काढा हो गाण्यातून. आजच्यापुरता!"

"असं कसं काढणार, ताई? एक तुकडा काढला की पुढचं सगळं सरकतं. आणि तो आवाज आता तुमचा एकटीचा राहिलाय का? सगळ्या जंगलाचा झालाय."

हे ऐकून कुणालाही अभिमान वाटला असता. टिटवीला वेळ नव्हता. ती माघारी आली, अंड्यांपुढे पंख पसरून उभी राहिली आणि जीव तोडून ओरडली.

"टिटिव्! टिटिव्!"

"अरे, खुद्द ताई आल्या!" थोरला गवा म्हणाला, आणि सगळ्या कळपाने उडी मारली.

ती आणखी मोठ्याने ओरडली. कळपाने आणखी उंच उडी मारली. ती जितकी ओरडायची तितका त्यांना चेव चढायचा. मुलांनो, तिला दुसरा आवाजच येत नव्हता. मला हे सांगतानाही बरं वाटत नाही.

शेवटी टिटवीच्या लक्षात आलं. तिने चोच घट्ट मिटली.

नेमकं त्याच वेळी गाणंही थांबलं. माळावर शांतता पसरली. गवे श्वास रोखून, अगदी अंड्यांच्या वर एकेक पाय उचलून उभे होते. टिटवीने त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, नको.

आणि भोंग्यातून तिचाच आवाज आला.

धुरळा खाली बसल्यावर थोरल्या गव्याने खाली पाहिलं. त्याला फार वाईट वाटलं. खोटं नाही, खरंच वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो ताई," तो म्हणाला, "अंडी होती, तर एकदा ओरडून सांगायचं तरी!"

तात्पर्य : नाचणाऱ्यांच्या पायाखाली अंडी घालू नयेत. घातलीच, तर गाणं संपेपर्यंत ओरडू नये. ठेका चुकतो.