कुरव शिवला

करंजवडीच्या तलावावर कुरव पक्षी ज्याच्या ताटाला शिवला, तो माणूस गेला असं धरतात. मग तो समोर बसून लोणचं चाटत असला तरी.

शरयू केसकरला हे ठाऊक नव्हतं. नवरा रिटायर झाला, आता तरी चार दिवस मोकळं फिरू, म्हणून हौसेने तिनेच हे तळ्याकाठचं विश्रामगृह ठरवलं होतं. सकाळभर दोघं ओट्यावर बसून कुरव बघत होते. दिसायला पांढरेशुभ्र, गुबगुबीत. पण एकाने शेव उचलली की दुसरा ती त्याच्या चोचीतून ओढायचा.

"काय मेली हावरट जात!" शरयू हसून म्हणाली.

"हं," यशवंतराव म्हणाले.

दुपारी ताटं आली. एक कुरव शरयूच्या ताटावरून तसाच पुढे गेला, यशवंतरावांच्या पुढ्यात उतरला आणि त्यांची पुरी घेऊन उडाला.

व्यवस्थापक ढमाले लगबगीने आले आणि चपला काढून उभे राहिले. "फार वाईट झालं, वहिनी. आजारी होते का?"

"कोण आजारी? अहो, हे काय बसलेत!"

"बसलेत, पण शिवला ना. ज्याची काही इच्छा उरलीय, त्याच्या ताटाकडे हे पक्षी ढुंकूनही बघत नाहीत. कावळ्याचंच काम. कावळा दहाव्याला बघतो, हे आधीच बघून टाकतात."

शरयू उठून उभी राहिली. "मग आता हो?"

"दुसरं ताट मांडतो. साहेबांनी मनातली इच्छा बोलून दाखवायची. खरी असली तर पक्षी मागे फिरेल, आणि आम्ही माफी मागू."

ताट मांडलं. कुरव कठड्यावर येऊन बसला.

"नवी गाडी," यशवंतराव म्हणाले. कुरव एक पाऊल पुढे आला.

"काशीयात्रा." आणखी एक पाऊल.

"अहो, असं तोंडदेखलं नका ना बोलू!" शरयू कळवळली. "काहीतरी हवंच असेल की तुम्हाला! माझ्या हातचं थालीपीठ म्हणा, काहीही म्हणा!"

यशवंतरावांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. शोधण्यात त्यांनी कसूर केली नाही, हे कुणीही कबूल करील.

"हिच्याबरोबर आणखी दहा वर्षं," ते म्हणाले.

कुरवाने पुरी उचलली.

शरयूला पक्ष्याचा राग आला नाही, नवऱ्याचाच आला. पण गेलेल्या माणसावर काय रागवायचं, म्हणून ती रडली. ढमाल्यांनी "दोन घास तरी खा, वहिनी" म्हणून तिचं ताट पुढे सरकवलं. तिने ते हातही न लावता कठड्यावर ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होतं. एकही कुरव तिकडे फिरकला नाही.

दिवेलागणीला खोलीत तिने मंगळसूत्र काढायला घेतलं. मेला फासा काही केल्या निघेना.

"थांब गं, ओढू नकोस," यशवंतराव म्हणाले. चष्मा लावून ते तिच्या मागे येऊन उभे राहिले, आणि त्यांनी तो अलगद सोडवून दिला.